गरम बॉनेट

सेकंडहँड गाडी बघायला गेले की मी आधी बॉनेटवर हात ठेवते. मालकाला वाटतं बाई कौतुकाने हात फिरवतायत, आणि मी तसं वाटू देते. त्या दिवशीही ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या कळलं की बॉनेट गरम आहे. चटका बसेल इतकं नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यासारखंही नाही, कारण गाडी सावलीत उभी होती, छत गार होतं, दरवाजे गार होते, फक्त पुढे ती आतून येणारी ऊब. मालक हसतमुख, बोलायला एकदम गोड, मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "सकाळीच जरा फिरवून आणली हो, म्हटलं तुम्ही एवढ्या लांबून येताय, बॅटरीबिटरीचा त्रास नको." आता आदल्या रात्री मी फोनवर स्पष्ट सांगितलेलं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन ऐकायचंय. ते हो म्हणाले होते. विसरले असतील. किंवा खरंच बॅटरीची काळजी वाटली असेल. मी काही बोलले नाही, चावी घेतली, बटण दाबलं आणि गाडी एका दमात चालू झाली, आणि तो आवाज, म्हणजे काय सांगू, पोटात कुठेतरी खोल हलतं तसा. भाऊ बरोबर होता, त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता घेतेस का मी घेऊ. चालवली. खेचते म्हणजे काय खेचते! दुसऱ्या गिअरला थोडा पाय दिला तर मान मागे. ब्रेक सरळ, स्टीअरिंग सरळ, एसी गार, कुठे काही कुरकुर नाही. सगळं बरोबर होतं.

आणि तरी घरी येताना माझं मन त्या उबेपाशीच अडकलेलं.

भाऊ म्हणाला तू वेडी आहेस. असेनही. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचं एक असतं, सगळं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं आणि सकाळी पहिल्यांदा स्टार्टर फिरला की वरपर्यंत प्रेशर पोचायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात इंजिन स्वतःबद्दल जे काय सांगायचं ते सांगून टाकतं. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर थकला असेल तर चेन खडखडते, सेकंद दोन सेकंद, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखी, आणि मग गप्प. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभर ऑइल थेंब थेंब पाझरून आत साचतं आणि पहिल्या स्टार्टला मागून निळसर धुराचा एक झोत येतो, पुन्हा दिवसभर नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल झाला असेल तर थंडपणी ठोकल्यासारखा आवाज येतो, धातू गरम होऊन फुगला की फट भरते आणि आवाज बंद. फ्युएल पंप मरायला टेकला असेल तर स्टार्टर नेहमीपेक्षा लांब फिरत राहतो. हे सगळं ऐकायची संधी एकदाच मिळते, पहिल्या मिनिटात. एकदा गरम झालं की इंजिन सभ्य होतं, त्याला काय विचाराल त्याचं उत्तर "छान चाललंय". वेगवान गाड्यांच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण त्यांचे दोष ऐन भरात असताना दिसतच नाहीत, ऐन भरात त्या इतक्या सुंदर असतात की बघणाऱ्याचं डोकं चालत नाही.

इंजिन ऐकायची ही सवय मामाची. मामा मेकॅनिक नव्हता, नोकरी अगदी टेबलखुर्चीची, पण सुट्टीच्या दिवशी कुणाचं ना कुणाचं बॉनेट उघडं आणि मामा त्यात कमरेपर्यंत. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनाच्या अंगावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग मला द्यायचा, आणि माझ्या केसांची वेणी फॅनबेल्टपासून लांब दुसऱ्या हातात धरून ठेवायचा, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. मला काय, सगळं सारखंच ऐकू यायचं, नुसती टकटक. तो म्हणायचा, "हा टॅपेट. हा पंप. आणि मधेच एक बारीक येतेय बघ, ती? ती आपली नाही." ती आपली नाही, म्हणजे ती तिथे नसायला हवी. आजही मला पन्नास आवाजांची नावं येत नाहीत, पण त्यातला आपला नसलेला आवाज बऱ्याचदा कळतो, आणि तो ऐकू येण्याआधी इंजिन तापवून ठेवलेलं असलं तर मला उगाच राग येतो.

वेगाचं वेडही त्याच्यामुळेच. त्याच्या एका मित्राची गडद निळी सेडान होती, दिसायला इतकी साधी की कुठल्याही ऑफिसच्या पार्किंगमध्ये हरवेल. एका रात्री त्या गाडीतून आम्ही घरी येत होतो, मी मागे मधोमध बसलेले, दोन सीटच्या मधून पुढचा रस्ता दिसत होता, रिकामा, आणि मामाच्या मित्राने काही न सांगता, गप्पा मारता मारताच, पाय खाली नेला. आधी आवाज बदलला, मग पाठ सीटमध्ये रुतली, मग पोट जागच्या जागी राहिलं आणि बाकीची मी पुढे गेले. घाबरले होते का? थोडी. पण मामा पुढे हसत होता, त्यामुळे मीही हसले. घरी पोचल्यावर गाडी बंद केली तरी खालून टिक, टिक आवाज येत राहिला, सायलेन्सर गार होताना आकसतो त्याचा. शेजारून माणसं जात होती आणि कुणी त्या गाडीकडे वळूनही बघत नव्हतं. मला फार मजा वाटली होती त्याची, आपल्याला माहितीय आणि त्यांना माहीत नाही याची.

म्हणून मला कूपे नको असते, एसयूव्ही तर नाहीच. दोन दरवाज्यांची गाडी उभ्या उभ्या ओरडून सांगते मी कोण आहे. सेडान सांगत नाही. या साध्या दिसणाऱ्या वेगवान जातीतल्या एका मोठ्या गाडीचा जन्मच मुळी चोरून झालेला आहे. मर्सिडीजमधल्या एरिश वाक्सनबर्गर नावाच्या इंजिनिअरने कंपनीच्या भल्यामोठ्या ६०० लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही८ उचललं आणि गुपचूप एका साध्या दिसणाऱ्या सेडानमध्ये बसवलं, वरिष्ठांना सांगितलं नंतर. ती गाडी १९६८ साली ३०० एसईएल ६.३ म्हणून बाजारात आली, बाहेरून सांगायला मागे एक छोटासा आकडा. पुढे ५००ई आली, तिचे फेंडर इतके रुंद की मर्सिडीजच्या स्वतःच्या असेंब्ली लाइनवर बसेनात, म्हणून बराचसा भाग पोर्शेच्या कारखान्यात तयार व्हायचा, आणि तरी लांबून बघणाऱ्याला ती टॅक्सीच वाटेल. आणि १९९० ची लोटस कार्लटन, ३७७ हॉर्सपॉवर, ताशी २८० किलोमीटरच्या वर पळणारी चार दरवाज्यांची फॅमिली गाडी. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रं आणि खासदार हिच्यावर बंदी घाला म्हणून मागे लागले होते, आणि मग एक कार्लटन चोरीला गेली आणि तिच्यातून दुकानं फोडणाऱ्या टोळीला पोलिसांच्या गाड्या गाठूच शकेनात. विरोधकांचं म्हणणं चोरांनीच खरं करून दाखवलं.

पण नव्या गाडीचं स्वप्न वेगळं आणि आठ-दहा वर्षं कुणीतरी वापरलेल्या गाडीचं वेगळं. या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांतच धाडकन खाली येते, त्यामुळे एरवी जिच्याकडे आपण काचेपलीकडून बघितलं असतं ती अचानक आवाक्यात दिसायला लागते. इथेच खरा सापळा आहे. गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची नाही उतरत. ब्रेक डिस्क, टर्बो, शॉक ॲब्सॉर्बर, सगळं अजून त्या नव्या महागड्या गाडीच्याच भावात येतं. म्हणजे गाडी एका साध्या हॅचबॅकच्या किमतीत आणि तिचा खर्च मात्र मूळच्या घराण्याला शोभेल असा. बरेच जण पहिली गोष्ट बघून गाडी घेतात, दुसरी त्यांना पहिल्या मोठ्या सर्व्हिसला कळते, मग ते सर्व्हिस पुढे ढकलतात, मग अजून पुढे, आणि मग ती गाडी पॉलिश करून विकायला काढतात. आणि बघायला आपण जातो.

तर मग विश्वासाची वेगवान गाडी असते तरी का? या प्रश्नावर मी खूप रात्री घालवल्यात, वाचत, ऐकत, व्हिडिओत लोकांनी उघडलेली इंजिनं बघत. आता मला असं वाटतं की लोक चुकीची गाडी शोधतात, कधीच न बिघडणारी. तशी नसतेच. बीएमडब्ल्यूची ई९० एम३ घ्या, त्यातलं एस६५ व्ही८ ८,४०० आरपीएमपर्यंत जातं, सेडानमध्ये असं इंजिन पुन्हा होणार नाही, आणि त्याच इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वेळेआधी झिजतात हे आता सगळ्यांना माहितीय. सी६३ मधलं ६.२ लिटरचं मर्सिडीजचं व्ही८ घ्या, सुरुवातीच्या इंजिनांत हेड बोल्टचा प्रॉब्लेम, नंतरच्यांत बदललेले बोल्ट. बी६ आणि बी७ पिढीतली ऑडी एस४, ४.२ लिटर व्ही८, आवाज काय, पण टायमिंग चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे साखळीचा प्लॅस्टिक गाइड तुटला की अख्खं इंजिन बाहेर काढा. सुबारू एसटीआयच्या पिस्टनच्या रिंगलँड, म्हणजे रिंगा बसतात त्या खाचांमधल्या कडा, तुटतात. आणि ज्या गाडीचं नाव सगळे डोळे मिटून विश्वासाने घेतात ती लेक्सस आयएस एफ, ५ लिटरचं व्ही८, हेड यामाहाच्या मदतीने केलेलं, तीसुद्धा सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या प्लेटखालून कूलंट पाझरते. बीएमडब्ल्यूचं २०१५ मध्ये आलेलं बी५८, टर्बोवालं सहा सिलिंडर, भक्कम ब्लॉक, लोक त्याची पॉवर दीडपट करून चालवतात आणि ते सहन करतं, पण आजूबाजूचं कूलिंगचं प्लॅस्टिक म्हातारं होतंच.

मला या यादीची भीती वाटायची. आता उलट धीर येतो. एस६५ चे बेअरिंग बदलल्याची पावती असलेली एम३ मला जास्त भरवशाची वाटते, आणि जिच्याबद्दल मालक "काहीच प्रॉब्लेम नाही हो, आजवर बॉनेट उघडलं नाही" असं अभिमानाने सांगतो, त्या कुठल्याही गाडीपासून मी चार पावलं मागे सरकते. बॉनेट उघडलं नाही? एवढ्या वर्षांत? हे काय सांगायची गोष्ट आहे! कुठे दुखणार हे ज्या गाडीचं जगाला माहितीय आणि ज्या मालकाने दुखायच्या आधी तिथे हात घातलाय, ती घ्यायची. बाकी सगळा जुगार.

आता मालक या प्राण्याबद्दल. मी बाई आहे आणि बरोबर भाऊ असतो, त्यामुळे एक गोष्ट ठरलेली, गाडीबद्दल सगळं भावाला सांगितलं जातं आणि रंगाबद्दल मला. भाऊ बिचारा गाड्यांतलं इतपतच जाणतो की पेट्रोल कुठून भरतात, तो मान हलवत राहतो आणि मी शेवटी विचारते की गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, मग एक छोटा पॉज येतो. तो पॉज मला हल्ली आवडायला लागलाय. पण गरम बॉनेटवाले मालक तसे नव्हते बरं का. ते माझ्याशीच बोलले, डोळ्यात बघून, आदराने, "तुम्हाला गाड्यांतलं कळतं हे दिसतंय" वगैरे. इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि म्हणूनच जास्त त्रास झाला.

दुसरी गाडी ज्यांच्याकडे बघितली ते गृहस्थ मात्र अगदीच कोरडे. फोनवर म्हणाले, "थंड ठेवतो. चालू करताना बेल्टकडून एक किरकिर येईल, पुली बदलायचीय. सस्पेन्शनचे पुढचे बुश गेलेत. हे आधीच सांगतो, तिथे येऊन घासाघीस नको." आणि फोन ठेवला. आम्ही गेलो तर सबंध वेळ भावाशीच बोलले, मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर भावाला मिळायचं, मला मनातून चीड येत होती, चांगलीच. बॉनेटवर हात ठेवला, गार. अगदी गार, पहाटेच्या दवाने ओलसर. चालू केली, किरकिर आली, सांगितली होती तेवढीच, थोड्या वेळाने गेली. मागे जाऊन उभी राहिले, धूर नाही, पेट्रोलचा जरा कच्चा वास, थंड इंजिनाला येतो तेवढाच. बाकी आवाज? टॅपेट, पंप, इंजेक्टर. परका कुणी नाही.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाव लिहिलं की लोक नावावर भांडतात. सहा सिलिंडर, टर्बो, ऑटोमॅटिक, करडा रंग. करडा! मला निळी हवी होती, मॅन्युअल हवी होती. हिचा आवाजसुद्धा पहिलीपेक्षा निम्मा. आत बसले तर ड्रायव्हर सीटचा दाराकडचा उंचवटा चढउतार करून करून गुळगुळीत झालेला, आणि मागच्या सीटवर दोन ठिकाणी खोल खड्डे, मुलांच्या सीट बांधल्याचे. एकेकाळी या गाडीतून दोन पोरं मागे बसून शाळेत गेली असणार, आणि कधीतरी रिकाम्या रस्त्यावर त्यांच्या बाबांनीही न सांगता पाय खाली नेला असणार. या कोरड्या माणसाने? मला तसं वाटून घ्यायला आवडलं, एवढंच.

मग त्यांनी एक फाइल आणून बॉनेटवर ठेवली. जाडजूड. मी ती उघडली आणि पुढचा बराच वेळ गाडी विसरले. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेनाने किलोमीटर लिहिलेले. कंपनी म्हणते ऑइल ३०,००० किलोमीटरला बदला, यांनी जवळपास निम्म्यावर बदललेलं, दर वेळी. वायपरच्या पावत्या. दाराच्या एका हँडलची पावती. बॅटरी बदलली तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंद करून घेतल्याची पावती, जे अर्धे लोक करतच नाहीत. आणि जुन्या ऑइलचे लॅबमधले रिपोर्ट, त्यात लोखंड किती, तांबं किती, शिसं किती. बेअरिंग खायला लागलं की हे आकडे अचानक चढतात. इथे वर्षानुवर्षं एका लायनीत, कंटाळवाणे. जगातला सगळ्यात कंटाळवाणा दस्तऐवज, आणि मी तिथे उभी राहून तो असा वाचत होते की भाऊ शेवटी कानाशी येऊन म्हणाला, "ताई, गाडी चालवून बघणारेस का?"

चालवली. पहिलीसारखी मान मागे गेली नाही, किंवा गेली पण त्यात नाटक नव्हतं. ओढत राहते, न थकता, आणि बाहेर कुणाला कळत नाही. मी उतरले तेव्हा आनंदात नव्हते. म्हणजे विचित्रच, जी गाडी घ्यायची हे डोक्याने ठरवून टाकलं होतं तिच्यावर जीव जडत नव्हता, आणि जिच्यावर जडला होता तिचा भरवसा नव्हता. हे सांगायला कुणाला जावं.

भाव मात्र त्यांनी एक पैसा कमी केला नाही. तशाच वर्षाच्या, तितक्याच पळालेल्या बाकी गाड्यांपेक्षा चांगलाच जास्त मागत होते. भाऊ परतीच्या वाटेवर चिडलेला, एवढा जास्त का द्यायचा म्हणून. त्याला मी जॉर्ज अकरलॉफची गोष्ट सांगितली, त्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजारावरून मांडलं होतं की चांगली कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्याला कळत नसलं की तो सगळ्यांना सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात उरतात त्या खराब गाड्या. २००१ साली त्याला नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. भाऊ म्हणाला, "म्हणजे तुला नोबेल मिळणार का जास्त पैसे देऊन?" त्याचंही बरोबर आहे. पण त्या फाइलसाठी जास्तीचे पैसे दिले नसते तर तो माणूस फाइल घेऊन घरात गेला असता आणि आम्ही पुन्हा गरम बॉनेटं चाचपत फिरलो असतो.

तरी तपासणी केलीच. फाइल कितीही सुंदर असली तरी गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय मी पैसे देत नाही. माझा मेकॅनिक कमी बोलतो, त्याची मी त्या कोरड्या मालकांशी ओळख करून देणार आहे कधीतरी. त्याने आधी टायर बघितले, चारही एकाच कंपनीचे, बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून कितव्या आठवड्यात कुठल्या वर्षी बनले ते कळतं, ते जोडीजोडीने जुळत होते. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे नवे आणि मागचे झिजलेले असले तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस झिजत जाते, त्यामुळे कंजूष मालक टायरवरूनच पकडता येतो. डिस्कच्या कडेला हलकी धार. रंगाच्या थराची जाडी मोजणारा पेंट मीटर सगळीकडे सारखा, फक्त एका मागच्या दरवाज्यावर जाडी दुप्पट, आणि त्या दुरुस्तीची पावती फाइलमध्ये होती, फोटोसकट. मग स्कॅनर लावला. एरर कोड नाहीत हे बघून मी सुटकेचा श्वास सोडला तर तो म्हणाला थांबा. कोड नाहीत याचा अर्थ कुणीतरी ते सकाळीच पुसलेही असतील, आधी गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते बघायचं. कोड पुसले की त्या चाचण्या शून्यावर जातात आणि बरंच चालवल्याशिवाय पुन्हा पूर्ण होत नाहीत. इथे सगळ्या पूर्ण. रीमॅपचंही, म्हणजे पॉवर वाढवायला कुणी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय का तेही बघितलं, बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर लक्षात ठेवतो की त्यात सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं. व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्केटपाशी ऑइलची ओल निघाली, ती मालकांनी सांगितली नव्हती, कदाचित त्यांना दिसली नसेल. गरम झाल्यावर तिथून जळक्या ऑइलचा बारीक वास यायचा, बॉनेट उघडल्यावर. मला तो वास सापडला याचं उगाच बरं वाटलं. इतकी निर्दोष गाडी मला पचली नसती.

मधे एकदा मी त्या पहिल्या मालकांना फोन केला होता. राहवलं नाही. म्हटलं, पुन्हा एकदा बघायचीय, सकाळी लवकर येईन, चालू मात्र करू नका. ते तसेच गोड, "या की, कधीही या." आणि संध्याकाळी मेसेज, गाडी गेली, सॉरी. कुणीतरी घेतली. ती व्यवस्थित चालत असेल, शक्य आहे, चेन ठणठणीत असेल, धूरबीर काही नसेल, आणि त्या माणसाने खरोखर बॅटरीच्याच काळजीने ती फिरवून आणली असेल. त्या आवाजाची गाडी आता दुसऱ्या कुणाच्या दारात उभी आहे आणि त्याला रोज सकाळी तिचं पहिलं मिनिट ऐकायला मिळतंय, जे मला मिळालं नाही. मला हेवा वाटतो त्याचा. कीवही येते कधीकधी. दोन्ही एकाच दिवशी.

करडी घेतली. व्यवहार झाल्यावर त्या गृहस्थांनी चावी भावाच्या हातात दिली, भावाने ती माझ्या हातात, आणि मग ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "ऑइल गरम होईस्तोवर तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं." मला हे माहीत होतं. पाणी काही मिनिटांत तापतं, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तरी मी हो म्हटलं, माहीत नसल्यासारखं, कारण ते मला सांगत नव्हतेच मुळी, गाडीला निरोप देत होते.

सध्या ती बहुतेक वेळ मेकॅनिककडेच असते. पुली झाली, गास्केट झालं, पुढचे बुश यायचेत. गिअरबॉक्सच्या ऑइलवरून मात्र वाद चालू आहे, गाडीची कंपनी म्हणते ते आयुष्यभर बदलायची गरज नाही, आणि तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदला. ज्याने बनवलाय त्याचं ऐकायचं असं माझं मत, त्यामुळे तेही होणार, बुशनंतर लगेच. भाऊ रोज विचारतो की किती पळवलीस. मी सांगते, अजून नाही. तो म्हणतो, मग घेतलीस कशाला? काल त्याला चावी हवी होती, रात्री रस्ता रिकामा असतो म्हणे. मी म्हटलं आधी बुश येऊ देत, मग मी चालवीन, तू मागे बस, मधोमध.